एका सर्जनच्या पेपरांची यादी, कोंबडीची पिल्लं आणि मनूची पाठ

गेल्या दिवाळीच्या आधी ताईने तिच्या मुलीचा, मनूचा परकर शिवायला टाकला आणि शिवणवाल्या काकूंनी तो तीनदा उसवून परत शिवला, कारण घेर डावीकडे खाली येतच होता. शेवटी काकू म्हणाल्या, अगं परकर सरळ आहे, पोरगीच तिरकी उभी राहतेय. घरात आम्ही दोघी शिकलेल्या बायका, मी तर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते, आणि निदान केलं कोणी तर टेप गळ्यात घातलेल्या काकूंनी. मग मनूला पुढे वाकायला लावलं तर उजवीकडची पाठ स्पष्ट उंच दिसली. एक्स-रेत कॉब अँगल, म्हणजे कण्याच्या बाकाचं माप, 27 अंश आला. दहाच्या पुढे गेला की त्याला स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं, म्हणतात, आणि मनू बारा वर्षांची, पाळी अजून आलेली नाही, म्हणजे उंची वाढायची बरीच बाकी, म्हणजे बाकही वाढायची भीती. डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे पाठीला आधार द्यायला अंगावर घालायचा कडक पट्टा, सांगितला, दिवसाचे अठरा तास.

इथपर्यंत सरळ होतं. पण ताईला रात्री साडेअकराला कोणीतरी मेसेज फॉरवर्ड केला की फ्रान्सच्या एका जगप्रसिद्ध स्पाइन सर्जनने सिद्ध केलंय की मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन कमी पडल्याने पाठीला बाक येतो, तेव्हा मेलाटोनिनच्या गोळ्या द्या, ब्रेसची गरज नाही. खाली नाव होतं, ज्याँ द्युबूसे. ताईने मला पाठवलं आणि लिहिलं, तू हे शिकवतेस ना, बघ जरा हा माणूस खरा आहे का.

माणूस खरा होता, आणि नुसता खरा नाही तर खरंच मोठा, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. पुढचे तीन रविवार मी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर, त्याच्या पेपरांची यादी चाळत बसले. ते सगळं इथे लिहितेय कारण असे फॉरवर्ड अजून बऱ्याच आयांना जात असतील, आणि कोणाची पेपरांची यादी वाचायची कशी हे आम्हाला एमएस्सीला कोणी शिकवलं नव्हतं, पीएचडीलाही नाही.

मी वहीत दोन रकाने केले, डावीकडे उपचार आणि उजवीकडे वाढ. वाढ म्हणजे शरीर कसं घडतं, कणा सरळ कसा राहतो, ग्रंथी काय करतात वगैरे, आमच्या भाषेत डेव्हलपमेंटल बायॉलॉजी.

डावा रकाना भराभर भरला. द्युबूसे हे त्या काळी पॅरिसच्या सँ व्हँसाँ द पोल हॉस्पिटलमधले लहान मुलांचे अस्थिशल्यविशारद. त्यांच्या आधी स्कोलिओसिसच्या ऑपरेशनवर राज्य होतं ते ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांच्या रॉडचं. पोलिओची साथ जोरात होती, त्या मुलांच्या पाठी वाकायच्या, त्यांच्यासाठी हॅरिंग्टन यांनी स्टीलचा रॉड काढला, त्यांचा पेपर 1962 चा. कण्याच्या दोन टोकांना हूक अडकवायचे आणि जॅकने गाडी उचलावी तसं मधलं अंतर ताणायचं. बाक कमी व्हायचा पण ऑपरेशननंतर मुलं कित्येक महिने प्लास्टरमध्ये, आणि रॉड कमरेपर्यंत गेला की कमरेचा नैसर्गिक खळगा सपाट व्हायचा, मग मोठेपणी माणूस पुढे झुकून चालायचा.

1983 मध्ये द्युबूसे आणि बर्क-सुर-मेरचे ईव्ह कोत्रेल यांनी वेगळीच पद्धत वापरायला सुरुवात केली. दोन रॉड, त्यांच्यावर ठिकठिकाणी बरेच हूक, आणि रॉड आधी बाकाच्याच आकारात वाकवून बसवायचा आणि मग तो गोल फिरवायचा, म्हणजे बाजूला गेलेला बाक फिरून मागे येतो आणि छातीच्या भागात जो नैसर्गिक फुगवटा हवा तो तयार होतो. मला हे समजायला अर्धा तास लागला, शेवटी घरातला कपडे वाळत घालायचा हँगर सरळ करून वाकवला आणि हातात फिरवून बघितला तेव्हा कळलं. ऑपरेशननंतर प्लास्टरची गरज जवळपास संपली. 1984 मध्ये फ्रेंच जर्नलात पेपर आला आणि 1988 मध्ये इंग्रजीत मोठा लेख, आणि तोवर जगभर सर्जन सीडी इन्स्ट्रुमेंटेशन म्हणायला लागले होते, सी म्हणजे कोत्रेल आणि डी म्हणजे द्युबूसे. नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये दिसलं की एकेका मणक्याचा पीळ सुरुवातीला वाटलं होतं तितका उलगडत नाही, आणि हुकांची जागा हळूहळू मणक्यात घुसवायच्या पेडिकल स्क्रूंनी घेतली, त्यात कोरियाच्या सूक यांचा 1995 चा पेपर महत्त्वाचा. पण दोन रॉड आणि मधे अनेक ठिकाणी पकड, हा सांगाडा आजही तोच आहे.

1983 चाच अजून एक पेपर, ग्राफ आणि हेके यांच्यासोबत, विषय लहान मुलांच्या स्कोलिओसिसकडे तीन मितींत बघायचं. तोवर सगळे एक्स-रेवर बघत होते, आणि एक्स-रे म्हणजे सपाट सावली. द्युबूसे वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत की हा बाक नाहीच, हा पीळ आहे, दोरीला पडतो तसा, आणि वरून बघितल्याशिवाय तो कळत नाही. ओटीपोटाच्या हाडालाही ते एक मणकाच धरतात, कारण उभं राहायचं गणित खालून सुरू होतं. हे मी कुठल्या रकान्यात लिहू? डावीकडे लिहिलं, पण हात अडखळला.

आणि तिसरी नोंद, तीही 1983 चीच. द्युबूसे, केनो, थिलार. विषय कोंबडीच्या पिल्लांमध्ये मेंदूतली पिनियल ग्रंथी आणि आसपासचा भाग दुखावून घडवून आणलेला स्कोलिओसिस.

इथे मी खुर्चीत सरसावून बसले. कोंबडीचं पिल्लू म्हणजे आमचा घरचा विषय, बीएस्सीला 24 तास, 48 तास, 72 तासांच्या गर्भाच्या स्लाइडी मायक्रोस्कोपखाली बघून बघून डोळे गेलेत. तर थिलार यांनी 1959 मध्येच लिहिलं होतं की पिल्लाची पिनियल ग्रंथी काढली की त्याचा कणा वाकडा होतो. हे चोवीस वर्षं जवळजवळ तसंच पडून होतं. आणि मग ज्याच्या ओपीडीत वाकड्या पाठीची मुलं रांगेने बसलेली असतात असा सर्जन तो जुना पेपर उचलतो आणि मूळ लेखकाला सोबत घेऊन काम करतो. नुसतं मागे कुठेतरी संदर्भ म्हणून नाव टाकलं नाही, पेपरवर लेखक म्हणून घेतलं. यादीत मला सगळ्यात आवडलेली ओळ हीच.

म्हणजे एकाच वर्षात स्टीलचे रॉड, तीन मितींतलं गणित आणि कोंबडीचं पिल्लू. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की हा माणूस भरकटतोय. मला पण वाटलं होतं.

भरकटत नव्हता हे 1989 च्या पेपरने कळलं, हेरिंग आणि शफलबार्जर यांच्यासोबतचा, नाव क्रँकशाफ्ट फिनॉमिनन. काय व्हायचं की लहान मुलाची पाठ मागून ऑपरेट करून मणके एकमेकांना जोडले, फ्यूज केले, एक्स-रे छान आला, आणि दोन-तीन वर्षांनी पोरगं परत आलं तर बाक वाढलेला. रॉड तुटला नाही, हाड नीट जुळलंय, मग वाढला कसा? तर मागची बाजू जोडली म्हणून मागे वाढ थांबली, पण मणक्याचा पुढचा भाग, छातीकडचा, त्याला कोणी थांबवलेलं नाही, तो वाढतोय. मागे बांधलेलं आणि पुढे वाढतंय, मग तो कणा त्या बांधलेल्या बाजूभोवती फिरत जातो, इंजिनातल्या क्रँकशाफ्टसारखा. म्हणजे ऑपरेशन फसलं नव्हतं, हाडं पण नीट जुळली होती, सर्जनने हिशोब धरला नव्हता तो वाढीचा. मग एवढ्या लहान मुलांत पुढूनही जोडायचं किंवा शक्य असेल तर थांबायचं, असा विचार सुरू झाला.

आता हा पेपर कुठल्या रकान्यात घालू? ऑपरेशनचा आहे म्हणून डावीकडे की सगळा वाढीबद्दल आहे म्हणून उजवीकडे? मी वहीत मधल्या रेघेवरच लिहिला. (डॉक्टरांनी मनूचं वय आणि पाळी पहिल्याच भेटीत का विचारली होती ते मला त्या रविवारी कळलं.)

आता उजवा रकाना, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं. 1993 पासून मासाफुमी माचिदा या जपानी अस्थितज्ज्ञांसोबतचे पेपर सुरू होतात, पहिलं नाव माचिदा यांचं आणि दुसरं द्युबूसे यांचं. क्रम बघायला पाहिजे, प्रयोगांच्या पेपरांत पहिलं नाव साधारण ज्याने हाताने काम केलं त्याचं, आणि आमच्या फॉरवर्डमध्ये माचिदा यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. 1993 च्या प्रयोगात काही पिल्लांची पिनियल काढली, आणि काहींची काढून त्यांच्याच स्नायूत परत बसवली. ग्रंथी गेलेल्या पिल्लांच्या पाठी वाकल्या, पण स्नायूत परत बसवलेल्यांपैकी फार थोड्यांच्या. म्हणजे मेंदूला जखम झाली म्हणून हे होत नसावं, ग्रंथीतून काहीतरी रक्तात जातं ते कमी पडतंय. पिनियल रात्री मेलाटोनिन बनवते, म्हणून संशय मेलाटोनिनवर, आणि 1995 च्या पेपरात त्यांनी ते मेलाटोनिन कमी पडण्याशीच जोडलं. 1996 मध्ये मुलांचं रक्त तपासलं आणि ज्यांचा बाक वाढत होता त्यांच्यात रात्रीचं मेलाटोनिन कमी सापडलं. 1999 मध्ये उंदीर, आणि हा प्रयोग वाचताना मला कसंतरी झालं, पण आहे हुशारीचा. उंदराची पिनियल काढली तर चार पायांवर चालणाऱ्याला काही होत नाही, पण पुढचे पाय आणि शेपूट काढून त्याला दोन पायांवर उभं राहायला लावलं तर कणा वाकतो. कोंबडी दोन पायांवर, माणूस दोन पायांवर. गोष्ट इतकी सुंदर जुळते की खरीच वाटते.

मी पण त्या रविवारी ताईला फोन करून सांगणार होते की अगं यात तथ्य दिसतंय. बरं झालं केला नाही.

कारण दुसऱ्या रविवारी मी एक साधी गोष्ट केली. त्याच पेपरांना नंतर कोणी कोणी उत्तर दिलं ते शोधलं. लेखकाच्या यादीत हे कधीच दिसत नाही, कारण यादीत त्याचं म्हणणं असतं, त्याच्याशी झालेलं भांडण नसतं. कॅनडात अल्बर्टा युनिव्हर्सिटीच्या बॅग्नल यांच्या गटाने तेच प्रयोग करून बघितले. त्यांच्याकडे पिनियल काढलेल्या सगळ्याच पिल्लांना बाक आला असं झालं नाही, आणि 1999 मध्ये त्यांनी लिहिलं की पिल्लांना मेलाटोनिन दिल्याने फरक पडला नाही. मुलींच्या रक्तातलं दिवसाचं आणि रात्रीचं मेलाटोनिन त्यांनी 1996 मध्येच मोजलं होतं, स्कोलिओसिसवाल्या आणि बिनास्कोलिओसिसवाल्या मुलींमध्ये फरक सापडला नव्हता. मग 2005 मध्ये हाँगकाँगच्या गटाने रीसस माकडं घेतली, म्हणजे आपल्या बरेच जवळचे नातेवाईक, 18 माकडांवर पिनियल काढायची शस्त्रक्रिया केली आणि दोन वर्षांहून जास्त लक्ष ठेवलं. एकाही माकडाला स्कोलिओसिस झाला नाही.

पण गोष्ट तिथेही संपत नाही. माँट्रियलच्या मोरो यांनी 2004 मध्ये म्हटलं की मेलाटोनिन किती आहे हा प्रश्नच नसेल, हाडाच्या पेशी त्याचा निरोप ऐकतात की नाही हा असेल, आणि काही रुग्णांच्या पेशी तो नीट ऐकत नाहीत असं त्यांनी दाखवलं. आणि 2009 मध्ये माचिदा-द्युबूसे यांचा परत एक पेपर, मेलाटोनिन कमी असलेल्या मुलांना ते गोळीने देऊन बघितलं, आणि सौम्य बाक असेल तर वाढ रोखायला मदत होईल असं त्यांना वाटलं. फॉरवर्डचं मूळ बहुतेक हाच पेपर. पण अभ्यास छोटा, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यासारखा नाही.

ब्रेसचं मात्र तसं नाही. 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आयोवाच्या वाइनस्टीन यांच्या गटाचा अभ्यास आला. 242 मुलं-मुली, काहींना ब्रेस आणि काहींना नुसतं लक्ष ठेवणं, काहींची वाटणी चिठ्ठी टाकावी तशी आणि काहींनी स्वतः निवडलेलं. ऑपरेशनच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे 50 अंशांपर्यंत न जाता वाढ संपली असे ब्रेसवाल्यांत 72 टक्के आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. फायदा इतका स्पष्ट की अभ्यास वेळेआधी थांबवला. आणि ज्यांनी दिवसाला सरासरी 12.9 तासांहून जास्त ब्रेस घातला त्यांच्यात यश नव्वदच्या पुढे. हे तास मुलांना विचारून लिहिले नव्हते, ब्रेसमध्ये तापमान मोजणारा सेन्सर होता, त्याने मोजले. मुलं काय सांगतात आणि काय करतात हे ज्याच्या घरी बारा वर्षांचं पोर आहे त्याला माहितीच आहे.

पण 72 आणि 48 नीट बघा. 48 म्हणजे ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यातही जवळपास अर्ध्यांचं निभावलं. आता कोणी त्यांना रोज एक मेलाटोनिनची गोळी दिली असती, हळदीचं दूध दिलं असतं किंवा सोमवारी उपास करायला लावला असता, तर त्यातल्या अर्ध्या आया शपथेवर सांगतील की त्यानेच गुण आला. म्हणूनच तुलनेला दुसरा गट लागतो, आणि म्हणूनच 2009 च्या पेपरवर मी मनूला गोळी देणार नव्हते.

म्हणजे फॉरवर्डने केलं काय तर डाव्या रकान्यातलं वजन उजव्या रकान्यात नेऊन ठेवलं. रॉड जगभर वापरला गेला, क्रँकशाफ्ट आज पाठ्यपुस्तकात आहे, ती पत त्या नावाने कमावलेली. पण त्याच नावाखाली असलेली मेलाटोनिनची गोष्ट एक तर्क आहे, चांगला, धाडसी, अर्धवट राहिलेला. दोन्हींवर सही एकाच माणसाची म्हणून दोन्ही सारखे पक्के होत नाहीत. आणि मला तो तर्क फसला म्हणून द्युबूसे लहान वाटत नाहीत, उलट दुसरा कोणी असता तर सीडी रॉडवर उरलेलं आयुष्य काढलं असतं. कोंबड्यांच्या मागे कशाला लागला असता?

तिसऱ्या रविवारी मी स्वतःच्या हौसेने पुढे वाचलं आणि इथे माझ्या विषयाने मला चकित केलं. गेल्या दहा-बारा वर्षांत ही लढाई कोंबडीकडून झेब्राफिशकडे गेलीय. 2014 मध्ये टोरंटोच्या सिरुना यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पीटीके-सेव्हन नावाचा जीन बिघडला की या माशांचे कणे वाकतात, आणि 2016 मध्ये ग्राइम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स या जर्नलमध्ये लिहिलं की मेंदू आणि कण्याच्या पोकळीतलं पाणी, सीएसएफ, ज्या बारीक केसांनी हलतं ते केस बंद पडले तरी कणा वाकतो. मग 2018 मध्ये पॅरिसच्याच व्यार यांच्या गटाने दाखवलं की त्या पाण्यातून एक बारीक धागा जातो, राइसनर फायबर, आणि तो नसेल तर माशाच्या गर्भाचं शरीर सरळच होत नाही. (मासे पाण्यात आडवे पोहतात, दोन पायांवर उभे नाही राहत, त्यामुळे ती दोन पायांची सुंदर गोष्ट पण जरा ढिली पडली.)

आणि तो धागा बनतो कुठे? सबकमिश्यूरल ऑर्गन नावाच्या छोट्याशा अवयवात. आणि हा अवयव असतो कुठे? पिनियलला अगदी खेटून, तिच्या खालीच. मी ते चित्र बघितलं आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. पिल्लाची पिनियल खुडताना शेजाऱ्यालाही धक्का लागत असेल का, आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळी उत्तरं आली त्याचं कारण हातात असेल का? हा माझा अंदाज आहे, सिद्ध काही नाही, आणि स्नायूत बसवलेल्या पिनियलचं उत्तर माझ्या अंदाजाला द्यायला लागेलच. शिवाय माणसात हा अवयव लहानपणानंतर आक्रसत जातो, त्यामुळे माशाचं माणसाला लावायला कोणी घाई करू नये, मी तर नाहीच. पण 1983 च्या शीर्षकात त्यांनी नुसतं पिनियल लिहिलं नव्हतं, आसपासचा मेंदूचा भागही लिहिला होता, हे मी परत जाऊन बघितलं.

अजून एक नोंद राहिली, त्याचा आम्हाला थेट उपयोग झाला. 2005 मध्ये द्युबूसे यांचं नाव जॉर्ज शार्पाक यांच्यासोबत दिसतं. शार्पाक म्हणजे भौतिकशास्त्राचं 1992 चं नोबेल मिळालेले, कण टिपायचं यंत्र बनवणारे. त्यांच्या त्या यंत्राच्या तत्त्वावर उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत दोन बाजूंनी एकदम आणि फार कमी किरणांत एक्स-रे काढायचं मशीन बनलं, इऑस. अमेरिकेत जुन्या काळच्या 5573 स्कोलिओसिसवाल्या बायकांचा अभ्यास 2000 साली आला होता, प्रत्येकीचे सरासरी पंचवीसच्या आसपास एक्स-रे झालेले, आणि त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरने 77 मृत्यू झाले जिथे साधारण 46 अपेक्षित होते. वाढत्या मुलीच्या छातीवर दर काही महिन्यांनी किरण, हे ऐकून कुठल्या आईला बरं वाटेल. आमच्या गावात इऑस नाही, पण ताईने पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं की एक्स-रे पाठीमागून काढता येईल का, म्हणजे छातीला किरण कमी लागतील, आणि ते म्हणाले हो, आम्ही तसाच काढतो. मेलाटोनिनचंही विचारलं. त्यांनी हसून मान हलवली आणि म्हणाले ब्रेस किती तास घालते ते सांगा.

ताईने सांगितलं तेरा. मनू म्हणाली सोळा. ताईने मनूकडे बघितलं आणि मग म्हणाली, शाळा धरून बारा.

मेलाटोनिनची बाटली ताईने आधीच मागवून ठेवली होती, ती भाऊजींनी अमेरिकेच्या प्रवासात झोप लागायला नेली. काकूंनी परकराचा घेर ब्रेसवरून बसेल असा सोडून दिलाय आणि वर सांगितलंय की ब्रेस सुटला की परत माझ्याकडे आण, तेव्हा माप नव्याने घेईन. सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेत 28 आलंय. 27 चे 28, म्हणजे मोजण्याच्या चुकीतलंच, वाढलं असं म्हणता येत नाही. मनू मात्र तीन सेंटीमीटर वाढलीय. पुढचा एक्स-रे जूनमध्ये.